आम्ही 'आम्ही' का म्हणतो

मराठी निबंधात लेखकाने स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची रीत जुनी आहे. वृत्तपत्रांचे संपादक अग्रलेखात 'आम्ही' म्हणत, बिशपांची जुनी परिपत्रकेही 'आम्ही'नेच सुरू होत. त्या 'आम्ही'मध्ये अधिकार असे, भारदस्तपणा असे. या लेखातील 'आम्ही' तसा नाही, हे वाचकांना आरंभीच सांगितले पाहिजे. आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एकच नाव आहे. शिधापत्रिकेवर, लग्नाच्या नोंदवहीत आणि पतपेढीच्या हजेरीपटावरही एकच नाव होते. पण त्या एका नावाच्या आत आम्ही पाच जणी राहतो. त्यांतील कोणी एकीने 'मी' म्हटले, की उरलेल्या चौघींना ते अर्धवट वाटते. म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतो.

हे वाचून कोणी घाबरू नये. आम्ही तुमच्याच धर्मग्रामातील एक साधे माणूस आहोत. रविवारी तुमच्या शेजारच्या बाकावर गुडघे टेकतो, बाजारात तुमच्याबरोबर भाव करतो. साठी आता मागे पडली आहे. आजवर ही गोष्ट आमचे पती, आमची मुलगी, एक धर्मभगिनी, दोन धर्मगुरू आणि डॉक्टर एवढ्यांनाच ठाऊक होती. ती आता छापील कागदावर का आणतो, ते लेखाच्या ओघात कळेल. नाव मात्र देत नाही, कारण त्या नावाशी इतरही माणसे बांधलेली आहेत.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात, केळीच्या वाडीला लागून आमचे कौलारू घर होते. पुढे ओटा, मध्ये माजघर आणि वर माळा. संध्याकाळी चर्चची घंटा झाली, की माजघरातल्या वेदीपुढे दिवा लागे आणि सारे घर जपमाळेला बसे. त्या जपमाळेत ज्याचा आवाज सर्वांत खणखणीत, त्याच माणसाकडून आमच्या वयाच्या चवथ्या-पाचव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत, बालकाच्या बाबतीत कधीही घडू नये ते घडत राहिले. तो घरचाच होता. त्याचे नाते सांगणार नाही. काय घडले त्याचे वर्णनही करणार नाही. ज्यांना समजायचे त्यांना एवढ्याने समजेल, आणि ज्यांच्यावर तसे बेतले असेल त्यांची रात्र आम्हांला नाहक बिघडवायची नाही.

त्या बालकापुढे कोणते मार्ग होते, याचा मात्र विचार करून पाहावा. लढावे, तर अंगात बळ नाही. पळावे, तर जायचे कोठे? भूक लागली की ताट वाढणारे घर तेच, ताप आला की कपाळावर पट्टी ठेवणारे घर तेच. सांगावे, तर शब्द नाहीत. आणि ज्यांना सांगायचे, ती माणसे त्याच्याच पानात आदराने पहिला घास वाढणारी. शरीराने कोठेच जाता येत नाही, तेव्हा मन जाते. आमच्या घराच्या छपरात उजेडासाठी एक काचेचे कौल बसवलेले होते. रात्री त्यातून चांदण्याचा एक चौकोन दिसे. आमच्यातील एक त्या चौकोनापर्यंत वर जाऊन बसली. तिथून तिने खाली पाहिले, आणि खाली जी होती ती दुसरीच कोणी तरी मुलगी आहे असे ठरवून टाकले.

सकाळी तिसरीच जागी होई. ती केस विंचरी, दप्तर भरी, शाळेत जाऊन सतराचा पाढा धडाधड म्हणून दाखवी. तिला रात्रीचे काहीही ठाऊक नसे. ती सोंग करीत नव्हती, की लपवीतही नव्हती. तिला खरोखरच ठाऊक नव्हते. कारण ते ठाऊक असते, तर तिला शाळेत जाता आले नसते, जेवता आले नसते, त्याच माणसाच्या पाया पडता आले नसते. अशा रीतीने एका मुलीच्या वाट्याचे ओझे अनेकींनी वाटून घेतले. भीती धाकटीने घेतली. ती आजही सात वर्षांची आहे. अंगाच्या वेदना मुकीने घेतल्या. ती बोलत नाही. राग राखणदाराने घेतला. ही आमची सर्वांत दणकट. तिला कोणी मोठ्याने बोललेले खपत नाही. अभ्यास शाळकरीने घेतला, आणि पुढे संसार थोरलीने.

आमच्या लहानपणीचा एक प्रसंग शाळकरीला आठवत नाही, धाकटीला अक्षरशः आठवतो. आठव्या वर्षी पहिला कुमसार होता. दहा आज्ञा पाठ झाल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की वाईट गोष्टी फादरांना सांगायच्या. वाईट गोष्ट तर धाकटीपाशी एकच होती. ती जाळीपाशी ओठ नेऊन म्हणाली, "फादर, मी घाण केली." पलीकडून थोडा वेळ काहीच आले नाही. मग आवाज आला, "पुन्हा करू नकोस. तीन नमो मरिया म्हण." त्या वृद्ध धर्मगुरूंना आम्ही आज दोष देत नाही. रांगेत साठ मुले होती, आणि त्या काळी असा एखादा प्रश्न मुलाला विचारायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलेही नसेल. पण धाकटीने त्या तीन नमो मरिया म्हटल्या आणि त्याबरोबर त्या माणसाचे पाप आपल्या नावावर लिहून घेतले. ते खोडायला आम्हांला तीस वर्षे लागली.

पुढची वर्षे वरवर पाहता बरी गेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा असे: हुशार आहे, परंतु धांदरट, कधी कधी ऐकू येत नसल्यासारखी बसते. मॅट्रिक झालो. एका पतपेढीत कारकुनाची नोकरी लागली. १९८८ साली लग्न झाले. पती शांत स्वभावाचे मिळाले, ही देवाची कृपा. मात्र आमच्या दिवसांना भोके पडलेली असत. विरार गाडीत बसलो हे आठवे आणि पुढची आठवण थेट चर्चगेटच्या फलाटावरची असे. मधला तास कोठे गेला ते कळत नसे. खतावणीतील एकाच पानावर दोन वळणांची अक्षरे सापडत. व्यवस्थापक विचारीत, "हे कोणी लिहिले?" आणि आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेत असू. पिशवीत रंगीत खडूंची पेटी निघे. ती कधी घेतली ते आठवत नसे. अनोळखी माणूस हसून विचारपूस करी, आणि आपण याला केव्हा भेटलो म्हणून आम्हांला घाम फुटे. सर्वांचेच असे होत असेल, अशी आम्ही आमची समजूत घातली होती. ज्याने दुसरे घर पाहिलेच नाही, त्याला आपल्या घराची भिंत कललेली आहे हे कसे कळावे?

भिंत पडली ती १९९७ साली. आमची मुलगी त्या वर्षी सात वर्षांची झाली. शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या केसांना लाल रिबिनी बांधत असताना आमचे हात थांबले. त्यानंतरचे आमच्यातील धाकटीलाच सांगता येईल. पती संध्याकाळी घरी आले तेव्हा आम्ही खाटेखाली अंग चोरून बसलो होतो आणि लहान मुलीच्या आवाजात, गावच्या बोलीत बोलत होतो. शहरी मराठीची सवय जडल्यापासून ती बोली आमच्या तोंडी कित्येक वर्षे आली नव्हती. पतींना आम्ही ओळखले नाही. त्यांच्याकडे पाहून आम्ही एवढेच विचारले, की दार लावले आहे का.

यानंतर आप्तांनी जे केले ते प्रेमापोटीच केले. बाई झपाटली आहे, असे एकीने सुचवले आणि दुसरीने दुजोरा दिला. आम्हांला लांबच्या एका प्रार्थनासभेला नेण्यात आले. तेथील प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थाने आमच्या डोक्यावर हात दाबून आतल्या दुष्ट शक्तींना निघून जाण्याची आज्ञा केली. तो खूप मोठ्याने ओरडत होता. लोक त्याला साथ देत होते. त्या कोलाहलात धाकटीला एवढेच समजले, की एक मोठा माणूस पुन्हा आपल्या अंगावर आला आहे, सारी मोठी माणसे त्याच्या बाजूने आहेत, आणि सर्वांना आपण मेलेले हवे आहोत. ती आत इतकी खोल जाऊन लपली, की पुढे दोन वर्षे कोणालाच सापडली नाही. राखणदाराने मात्र त्या रात्री आमच्याच हातावर सुरी चालवली.

दवाखान्यात टाके घालणारी परिचारिका एक धर्मभगिनी होती. तिने जखमेविषयी काहीच विचारले नाही. पट्टी बांधून झाल्यावर ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "आत कोणी घाबरले आहे का?" आयुष्यात प्रथमच कोणी तरी आम्हांला बरोबर प्रश्न विचारला होता.

तिनेच आम्हांला आमच्या धर्मगुरूंकडे आणि त्यांनी पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. या फादरांचे आमच्यावर फार मोठे ऋण आहे. त्यांनी पतींना समोर बसवून ख्रिस्तसभेचा नियम समजावून सांगितला. भूतनिवारणाचा गंभीर विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून करता येत नाही. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे, की मनाचा आजार ही वेगळी बाब असून तिची काळजी वैद्यकशास्त्राने घ्यायची आहे, आणि विधीपूर्वी आजार नाही याची खात्री करणे आवश्यक आहे. पुढे जानेवारी १९९९ मध्ये या विधीची सुधारित पोथी रोमहून प्रसिद्ध झाली, तिनेही हीच सावधगिरी बजावली. आपल्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे हे श्रद्धेत उणे पडणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच फादरांनी आम्हांला संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. गरसेकरांच्या प्रदेशात थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःचेच अंग ठेचणारा तो मनुष्य. त्याला आमच्यासारखा आजार होता असे आम्ही म्हणत नाही; पवित्र शास्त्र ही वैद्यकाची वही नव्हे. पण प्रभूने त्याला त्याचे नाव विचारले, हे आम्ही इतक्या वर्षांत नीट वाचलेच नव्हते. गावाने त्याला साखळ्या घातल्या होत्या. नाव विचारणारा प्रभूच. आणि शेवटी तो प्रभूमागे जायला निघाला, तेव्हा प्रभूने त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत पाठवले.

आमचे निदान लगेच झाले नाही. प्रथम उदासीनतेच्या गोळ्या मिळाल्या. मग फेफरे असेल म्हणून मेंदूचा आलेख काढला. तो निर्दोष निघाला. २००३ साली मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी आमचे सर्व ऐकून घेतले आणि आजाराचे नाव सांगितले: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. आपण त्याला ओळख दुभंगण्याचा विकार म्हणू. त्यांनी जे समजावून सांगितले ते आमच्या शब्दांत असे. बालक जन्मतःच एकसंध 'मी' घेऊन येत नाही. भुकेलेले, घाबरलेले, खेळकर, रुसलेले असे त्याचे निरनिराळे क्षण पहिल्या काही वर्षांत, मायेच्या माणसांच्या सोबतीने, हळूहळू एका धाग्यात ओवले जातात. पण ज्याच्या कुशीत धाव घ्यायची, त्याच्याचपासून पळावेसे वाटत असेल, आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर धागा ओवलाच जात नाही. मणी सुटे राहतात, आणि प्रत्येक मणी आपल्यापुरता वाढतो. वाडीतल्या माणसांना आम्ही वेगळा दाखला देतो. वादळात केळ मोडली म्हणजे गड्डा मरत नाही. तो बाजूने मुनवे काढतो. मुनवे दिसतात चार, पण मातीखाली गड्डा एकच. तो जगण्यासाठी धडपडत असतो.

हे ज्ञान नवे नाही. फ्रान्समधील पिएर जाने या विद्वानाने ल हाव्रच्या इस्पितळातील रुग्णांचा अभ्यास करून १८८९ साली असे मांडले होते, की असह्य अनुभवाची स्मृती जाणिवेपासून तुटून स्वतंत्रपणे नांदू शकते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला 'बहुव्यक्तिमत्त्व' या नावाने आपल्या सूचीत स्वतंत्र स्थान दिले आणि १९९४ साली ते नाव बदलले. बदलामागचा विचार आम्हांला फार पटतो: एका देहात पुष्कळ माणसे आहेत हे दुखणे नसून, एक माणूस पुरता घडू शकला नाही हे दुखणे आहे. २०१३ सालच्या सूचीत तर काही समाजांमध्ये हाच विकार 'अंगात येण्या'च्या रूपाने प्रकट होतो, याचीही नोंद घेतली गेली. ते वाचताना आम्हांला ती प्रार्थनासभा आठवली.

या विषयावर विद्वानांत वाद आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७३ साली अमेरिकेत 'सिबिल' हे पुस्तक गाजले, तीन वर्षांनी त्यावर दूरदर्शनपट आला, आणि अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढली. पुढे त्या पुस्तकातील हकिकतीच्या खरेपणावर गंभीर शंका घेतल्या गेल्या. डॉक्टरांच्या सूचनांनी आणि चित्रपटांच्या प्रभावाने भोळ्या रुग्णाला नसत्या आठवणी होऊ शकतात, असे म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी म्हणूनच आम्हांला कधी काही सुचवले नाही. आम्ही जेवढे आणले तेवढेच त्यांनी हातात घेतले. दुसरीकडे, नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली अशा रुग्णांची तुलना हे सोंग वठवणाऱ्या निरोगी माणसांशी केली, तेव्हा मेंदूच्या कार्यात दोघांत फरक आढळला. वाद विद्वानांनी चालू ठेवावा. आमच्यापुरते सांगायचे तर, आम्ही तसा चित्रपट पाहिलेला नव्हता. आमच्या लहानपणी आमच्या घरी रेडिओदेखील नव्हता.

या विकारावर स्वतंत्र असे औषध नाही. झोपेसाठी, उदासीनतेसाठी गोळ्या असतात; बाकी सारे काम बोलण्याचे आणि ऐकण्याचे. ते तीन टप्प्यांनी चालते. आधी आजचा दिवस सुरक्षित करायचा: पुरेशी झोप, वेळेवर जेवण, हाताशी सुरी नको. मग धीर आल्यावर जुन्या आठवणींना थोडे थोडे सामोरे जायचे. शेवटी आतल्या साऱ्यांनी मिळून जगायला शिकायचे. पहिल्या टप्प्यालाच आम्हांला चार वर्षे लागली. एक जाड वही घेतली आणि ज्या-त्या जणीने आपापले म्हणणे तीत लिहायचे ठरले. आरंभी राखणदार शिव्या लिही. शाळकरीने एकदा तिच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, त्यावरून मोठे भांडण झाले. आज ते आठवून आम्हांला हसू येते. मुकी काहीच लिहीत नसे, म्हणून तिच्यासाठी रोज अर्धे पान कोरे सोडायचे ठरवले. दुसऱ्या वर्षी त्या कोऱ्या पानावर एक लहानसा चौकोन काढलेला सापडला. ते काचेचे कौल होते.

प्रार्थनेचेही असेच झाले. जपमाळ म्हणताना एकाने नमो मरियाचा पूर्वार्ध म्हणायचा आणि इतरांनी उत्तरार्ध, ही आपली पद्धत. त्या खणखणीत आवाजामुळे आम्ही जपमाळ पंचवीस वर्षे हातात धरली नव्हती. एका रात्री झोप येईना, तेव्हा थोरलीने अंधारात पूर्वार्ध म्हटला आणि थांबली. उत्तरार्ध आतून धाकटीने म्हटला. त्या रात्री आम्ही एकच दशक म्हटले. दहावी नमो मरिया संपेपर्यंत कोणीही पळून गेले नाही.

२००८ साली तो माणूस वारला. मयताच्या मिस्सेला चर्च भरले होते. प्रवचनात त्याच्या दानशूरपणाचा गौरव झाला. दुसरे वाचन आम्ही करावे असे घरच्यांनी ठरवले होते, आणि थोरलीने कर्तव्य म्हणून ते मान्य केले होते. आम्ही वाचनमंचापर्यंत गेलो. तेथे राखणदाराने पुस्तक मिटले. आम्ही मधल्या वाटेने सर्वांसमोरून चालत बाहेर आलो आणि प्रांगणातील दगडी क्रुसापाशी उभे राहिलो. थोड्या वेळाने पती आले. काही न बोलता शेजारी उभे राहिले. शवपेटी बाहेर आली, तरी आम्ही दोघे तसेच उभे होतो.

त्यानंतर कितीकांनी आम्हांला क्षमेविषयी सांगितले. मेलेल्याला क्षमा करावी, ख्रिस्ती माणसाने मनात काही ठेवू नये. ज्यांना खरे ठाऊक नव्हते त्यांनी सांगितले, आणि ज्यांना पुसटसे ठाऊक असावे असा आम्हांला संशय आहे, त्यांनी जरा अधिक आग्रहाने सांगितले. आम्ही क्षमेला नाकारीत नाही. थोरलीने त्याला क्षमा केली आहे. दर रविवारी ती त्याच्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हणते. शाळकरी म्हणते, आपले त्याच्याशी काही वैरच नव्हते. राखणदार म्हणते, आपण कामावर आहोत, नंतर विचारा. मुकी बोलत नाही. आणि धाकटी विचारते, "त्याने मागितली का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही नाही. एकीने केलेली क्षमा दुसरीच्या नावावर जमा करता येत नाही, एवढे मात्र आम्ही शिकलो. जिने सोसले तिचा तो हक्क आहे, आणि तिला घाई करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रभू थांबायला तयार असावा असा आमचा विश्वास आहे. थांबायची तयारी नसते ती माणसांची.

हे सारे आमच्यापाशीच राहिले असते. पण २०१९ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात ऑस्ट्रेलियातील एक बातमी वाचली. जेनी हेन्स नावाच्या बाईंनी आपल्या जन्मदात्या पित्याविरुद्ध सिडनीच्या न्यायालयात साक्ष दिली होती. बालपणीच्या अत्याचारांतून वाचण्यासाठी त्यांच्या मनाने अडीच हजार ओळखी निर्माण केल्या, असे त्या सांगतात. त्यांच्यातील काही जणींना आपापल्या वतीने साक्ष देण्याची मुभा न्यायालयाने दिली. पहिली साक्ष चार वर्षांच्या सिम्फनी नावाच्या मुलीची होती. साक्ष सुरू झाल्यानंतर पित्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. जेनीबाईंनी स्वतःचे नाव लपवले नाही. त्या उच्चविद्याविभूषित आहेत, डॉक्टरेट मिळवलेल्या आहेत. पोलिसांत तक्रार देऊन निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

ती बातमी आम्ही पाचही जणींनी वाचली. धाकटीने ती दोनदा वाचायला लावली. मग तिने वहीत लिहिले, "त्या मुलीचे जजसाहेबांनी ऐकले." त्या एका ओळीमुळे हा लेख लिहिला जात आहे. आमचा माणूस आता कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत नाही. पण धाकटीचे म्हणणे कोणी तरी ऐकावे, हा तिचा हट्ट रास्त आहे.

वाचकहो, आमचे घर फार विलक्षण होते असे समजू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते. आमच्या लहानपणी कायदा मुका होता. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू आहे; अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि घराण्याची अब्रू ही त्याला पळवाट नाही. बालकांसाठी १०९८ आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते घरातील मुलांना पाठ करून द्यावेत.

पण कायद्याच्या आधी एक गोष्ट येते, आणि ती आपल्या हाती आहे. अत्याचार झालेल्या प्रत्येक मुलाची ओळख दुभंगत नाही. आमच्या डॉक्टरबाई म्हणत, मुलाने सांगितल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवणारे एक जरी मोठे माणूस असले, तरी फार फरक पडतो. आम्हांला ते मिळाले नाही, म्हणून आम्ही आमच्यासाठी माणसे स्वतःच घडवली. मूल अचानक गप्प झाले, अंथरूण ओले करू लागले, विशिष्ट माणसाच्या मांडीवर बसायला नाही म्हणू लागले, तर त्याला शिष्टाचार शिकवू नका. शेजारी बसा. त्या धर्मभगिनीसारखे विचारा. आणि ते जे सांगेल ते ऐकताना तुमचा चेहरा सांभाळा, कारण ते शब्दांआधी चेहराच वाचत असते.

आमच्या मुलीला आम्ही २०१० साली सारे सांगितले. ती वीस वर्षांची होती. ती रडेल, घाबरेल असे वाटले होते. ती म्हणाली, "आई, ते रंगीत खडू कोणाचे होते, ते मला लहानपणापासून ठाऊक होते. ती माझ्याशी खेळायची." दुसऱ्या दिवशी तिने नवी पेटी आणून उशाशी ठेवली. धाकटीने लिहिले, "लाल रंग जास्त हवा होता."

आम्ही एक कधी होणार, असे पती पूर्वी विचारीत. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे, की काही जण पूर्णपणे एक होतात, काही मिळून-मिसळून राहतात, आणि दोन्हींना बरे होणेच म्हणतात. आमचे दिवसांतले तास आता हरवत नाहीत. एकीला कळते ते दुसरीला कळते. घर एक आहे, माणसे पाच आहेत, भांडणे कमी झाली आहेत. पतींनी आता विचारणे सोडले आहे. बाजारातून येताना ते लाल खडू मात्र आणतात.

कुमसारात आम्हांला अजूनही अडखळायला होते, कारण तेथे 'मी' म्हणावे लागते. प्रेषितांचा विश्वासांगीकारही 'मी'नेच सुरू होतो. त्या वेळी थोरली बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात. पण प्रभूने स्वतः शिकवलेल्या प्रार्थनेत 'मी' हा शब्द एकदाही येत नाही. तीत सारे 'आम्ही' आणि 'आमचे' आहे. खोलीचे दार लावून एकट्याने म्हटली, तरीही. 'बाप' या शब्दापाशी धाकटी पुष्कळ वर्षे थांबत असे. आम्हीही तिच्याबरोबर थांबायचो आणि उरलेली सभा पुढे निघून जायची. हल्ली ती थांबत नाही. तो शब्द ती हलक्या आवाजात म्हणते, आणि पुढची भाकरीची ओळ मोठ्याने म्हणते, कारण तिला भूक लागलेली असते.